वाडी वाचवायची नोटीस

आमच्या वाडीवर बिल्डिंग कुणामुळे उभी राहिली, असं एखाद्या पाहुण्याने विचारलं की घरातली माणसं फार सभ्यपणे इकडेतिकडे बघायला लागतात. मी वयाने मोठी, त्यामुळे माझ्यासमोर कुणी नाव घेत नाही. म्हणून मीच सांगून टाकते. माझ्यामुळे. बिल्डर बिचारा फार नंतर आला. माझे धाकटे दीर तर नुसते पेन घेऊन बसले होते. वाडी मी घालवली, आणि तीही वाचवायला जाऊन. रीतसर टाइप करून, तीन प्रतींत, शिक्क्याची पोच घेऊन.

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी तरुण होते असं म्हटलं की नात हसते, कारण तेव्हा मी साठीला टेकले होते. पण तिला काय कळतंय! विशीतली बाई मूर्ख असते आणि तिला ते थोडंथोडं ठाऊक असतं. साठीतल्या बाईला तेही ठाऊक नसतं. शाळेतली क्लार्कची नोकरी संपवून, शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन मी घरी आले, आणि पंधरवड्याच्या आत मला राज्यकारभार सुधारावासा वाटू लागला. शाळेत मुख्याध्यापकांची सगळी पत्रं मीच लिहायची. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हे शब्द कागदावर आले की माझी मान आपोआप ताठ व्हायची. सरकारला फक्त चांगलं पत्र मिळालेलं नाही, म्हणून देश अडलाय, असं माझं प्रामाणिक मत होतं.

वाडी बोरिवलीला, पश्चिमेला, गावठाणाला लागून. फार मोठी नव्हे, पाऊण एकर. मधोमध विहीर, एका बाजूला मोगऱ्याचे वाफे, मग अळू, केळी, कडेने आंबे आणि पाठीमागे वालाची जागा. मी घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीतून इथे सून म्हणून आले. माझे वडील गिरणीत, गाव कोकणात, पण माझा स्वतःचा मातीशी संबंध कुंडीपुरता. पहिल्याच आठवड्यात नव्या चपला घालून मोगऱ्याच्या कळ्या खुडायला गेले आणि पाटात घसरून बसले. सासूबाई धावत आल्या. मला वाटलं, मला उचलायला. त्यांनी आधी पाटाचा फुटलेला बांध नीट केला आणि मग म्हणाल्या, “आता ऊठ. पाणी गेलं असतं केळीकडचं.”

या वाडीला फाटक नव्हतं. त्याचं कारण सातबाऱ्यावर होतं. सातबारा म्हणजे जमिनीचा उतारा; त्यात ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. आमच्या रकान्यात कुठल्या तरी जुन्या काळात एक ओळ चढवलेली होती, की गावठाणातल्या लोकांना या विहिरीचं पाणी नेण्याची वहिवाट आहे. नळ आले, टाक्या आल्या, तरी ती ओळ राहिली आणि लोकही येत राहिले. गावठाणात ख्रिस्ती घरं पुष्कळ. त्यांच्याकडे लग्न निघालं की आदल्या दिवशी उंबराचं पाणी, म्हणजे नवरा-नवरीच्या आंघोळीचं, न्यायला बायका वाजतगाजत आमच्याच विहिरीवर यायच्या. लाल लुगडी, कळशा, पुढे बँड. सासूबाई त्या दिवशी विहिरीचा काठ स्वतः झाडून ठेवायच्या. जमीन आमची, पण पाणी न्यायचा हक्क त्यांचा, आणि तो कागदावर. यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

दुसरा कागद पालिकेचा होता. शहराच्या विकास आराखड्यात आमची वाडी हिरव्या रंगाने रंगवलेली होती: उद्यानासाठी आरक्षित. म्हणजे पालिका ती कधीतरी विकत घेणार आणि बाग करणार. घेईपर्यंत आम्ही तिथे काही बांधायचं नाही. आमचे सासरे गेले, माझे यजमान गेले, पालिका काही आली नाही. सासूबाईंना त्याचं सुखच होतं. म्हणायच्या, “कागदावर बाग आहे ना? खाली पण बाग आहे. जुळलं की!”

त्या ऐंशीच्या पुढे गेल्यावर मात्र त्यांची झोप कमी झाली. शेजारची वाडी आधी गॅरेज झाली आणि मग बावीस मजल्यांची. आमच्या हद्दीवर सकाळी उठून पाहावं तर कुणीतरी राडारोड्याचा ढीग टाकून गेलेला. एक दिवस मी शेंगा सोलत बसले होते, तर त्या समोर येऊन बसल्या.

“तू कागदवाली आहेस ना?”

“आहे.”

“मग माझं एक काम कर. माझ्यामागे धाकटा विकणार. तो वाईट नाही, पण विकणार. तर असं काहीतरी लिहून घे, की जमीन आपलीच, पण तिच्यावर बांधायचं नाही. त्याने नाही, तू नाही, तुमच्या पोरांनी नाही.”

“असं कुठे लिहिणार, आई?”

“त्या रकान्यात. पाणी नेऊ द्यायचं लिहिलंय, त्याच्याच खाली लिहायचं, बांधू नये. एक ओळ तर आहे.”

मला हसू आलं. आज विचार करते तेव्हा वाटतं, जगातल्या मोठमोठ्या कायदेपंडितांना जे सुचायला वेळ लागला असेल ते या बाईने वालाच्या शेंगांसमोर बसून सांगितलं, आणि मी शहाणी हसले. पण काम घेतलं. तलाठी कार्यालयात गेले, सोबत दोन पानी अर्ज. तलाठी माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने अर्ज पूर्ण वाचला, हेच मोठं.

“मावशी, भाषा फर्स्ट क्लास आहे,” तो म्हणाला. “पण असं होत नाही.”

“का नाही? वहिवाट लिहिली आहे की.”

“ती दुसऱ्याची वहिवाट आहे. त्याला पाणी न्यायचंय, म्हणून त्याचा हक्क. तुमच्या यात हक्क कुणाचा? बांधू नये, हे कुणाला पाहिजे?”

“सासूबाईंना.”

“त्या मालक आहेत. मालकाने स्वतःविरुद्ध हक्क कसा लिहायचा? हे बघा, सरकार जमीन घेतं, नाहीतर आरक्षण टाकतं, नाहीतर सोडतं. जमीन तुमचीच ठेवा, बांधू मात्र नका, आणि त्याबद्दल सरकार तुम्हाला काही देईल, असा कायदा आपल्याकडे नाही.”

घरी येऊन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “नाही तर करायला सांग.” जणू कायदा म्हणजे सुताराकडून करून घ्यायचा पाट.

आणि मी खरंच करायला सांगायला निघाले. मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये झाडं वाचवणाऱ्यांची सभा होती. तिथे एका तरुणाने परदेशातली पद्धत समजावून सांगितली. तिकडे म्हणे शेतकरी, बागवाला आपल्या जमिनीवर बांधायचा हक्क कायमचा सोडून देतो, तसा करार नोंदवतात, आणि तो पुढच्या प्रत्येक मालकाला बांधतो. बदल्यात सरकार त्याला सरकारी पैशातून मोबदला देतं किंवा करात सूट देतं. जमीन त्याचीच, नांगर त्याचाच. मी वहीत सगळं उतरवून घेतलं, शेवटी उठून प्रश्नही विचारला, आणि प्रश्न एवढा लांब झाला की अध्यक्षांनी चहा सांगितला.

घरी येऊन मी सासूबाईंना ते सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, “न बांधण्याचे पैसे देतात?”

“हो.”

“मग इतकी वर्षं आपण तेच फुकट करतोय की गं!”

त्यानंतरचं एक वर्ष मी पत्रं लिहिली. आमदारांना, मंत्र्यांना, समित्यांना. आमच्या वाडीसारख्या जमिनी राखण्यासाठी कायदा करावा, त्यासाठी अंदाजपत्रकात निधी ठेवावा, मालकाला मालक ठेवून बांधकामाचा हक्क तेवढा विकत घ्यावा. कलमवार मसुदाही जोडला होता मी. हो, मसुदा! कलम एक, संक्षिप्त नाव आणि प्रारंभ. त्या वयात माणसाला काय लाज असते? उत्तरं आली ती सगळी एकाच साच्यातली: पत्र योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आलं आहे. आमदारांच्या कार्यालयात एक गोड बोलणारा मदतनीस होता, तो मला बघून खुर्ची पुढे करायचा. शेवटी तो म्हणाला, “काकू, तुमचं सगळं बरोबर आहे. फक्त एक सांगा. जिथे काहीच होणार नाही, अशा कामाला निधी द्या म्हणून साहेबांनी सभागृहात मागायचं कसं? रस्ता केला तर नारळ फोडता येतो. हे काय, काही न होण्याचं उद्घाटन करायचं?”

मी त्याच्यावर चिडून बाहेर आले. आज सांगते, त्या वर्षभरात माझ्याशी सगळ्यात खरं बोललेला माणूस तो.

पालिकेच्या कचेरीत एक तरुण इंजिनीअर मुलगी होती. तिने वेगळा रस्ता दाखवला. म्हणाली, “आजी, वाडी पालिकेला देऊन टाका बागेसाठी. पैशांऐवजी टीडीआर मिळेल. म्हणजे इथे न वापरलेला बांधकामाचा हक्क तुम्ही दुसऱ्या बिल्डरला विकायचा, तो दुसरीकडे जास्तीचे मजले चढवेल. वाडी मात्र बाग म्हणून राहील.”

सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे आपल्या डोक्यावर नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर चढवायचं. मालाडला कुणाची हवा जाईल, आणि आपण इथे वाल लावायचे?” पण मग थोडं थांबून म्हणाल्या, “तू बघ. तुला कळतं.”

मला कळत होतं ना! मी नाही म्हटलं. माझं तत्त्व आडवं आलं. दुसऱ्याच्या वाडीचं पाप घेऊन आपली वाडी राखायची नाही, असं मी बाणेदारपणे म्हणाले. ते म्हणताना आवाज एवढा छान लागला, की मी तेच वाक्य पुढे दोन लग्नांत आणि एका बारशात म्हणून दाखवलं. त्या मुलीने सांगितलेलं केलं असतं, तर आज तिथे निदान बाग असती. पालिकेची असती, बाकडी हिरव्या रंगाची असती, पण बाग असती.

मग मला ते कलम सापडलं. नगररचनेच्या कायद्यात आहे: आरक्षण टाकून दहा वर्षं उलटली आणि जमीन घेतली नाही, तर मालकाने खरेदीची नोटीस द्यावी. म्हणजे मालकच सरकारला म्हणतो, घ्या आता. मला आनंदाने घाम फुटला. सरकारने घ्यावं लागेल! बाग होईल! विहिरीला कठडा, आंब्यांना पार, आणि दारात सासू-सासऱ्यांच्या नावाची पाटी. त्या पाटीवर खाली बारीक अक्षरात ‘संकल्पना’ म्हणून माझं नाव यावं, असंही मी मनात ठरवलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

कलमात पुढे असंही आहे, की दोन वर्षांच्या आत सरकारने जमीन घेण्याची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण सुटतं. जमीन मोकळी. नंतर लोकांना मी सांगायचे, की ते पुढचं मी वाचलंच नव्हतं, झेरॉक्समध्ये पान अर्धवट आलं होतं. ते खोटं आहे. मी वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं, खाली पेन्सिलने रेघही मारली होती. पण मला वाटलं, असं कसं होईल? बाग आहे, ती काय कुणी सोडून देणार आहे? गिरणी बंद पडणार नाही, असं माझे वडील शेवटपर्यंत म्हणत होते. मला त्यांचं हसू यायचं.

नोटिशीवर तिघांच्या सह्या लागत होत्या: सासूबाईंची, दिरांची आणि माझी. मुलगा दूर नोकरीला. त्याने त्याच्या वाट्याचे अधिकार मलाच लिहून दिले होते. दीर काही सही करणार नाहीत, अशी मला धाकधूक. मी त्यांना समजवायला सगळी तयारी करून बसले होते. ते आले, बसले, खिशातून स्वतःचं पेन काढलं.

“भाऊजी, आधी वाचून तर घ्या.”

“वहिनी, तुम्ही लिहिलंय म्हणजे वाचायचं काय? कुठे करू?”

आणि केली. इतक्या झटकन, की मला त्यांचा अभिमान वाटला. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. मी त्यांना स्वतःच्या हाताने अळूवडी वाढली. त्यांचा एक वकील मित्र होता आणि त्या मित्राला ते कलम तोंडपाठ होतं, हे मला पुढे कळलं. सासूबाईंनी मात्र सही करायला वेळ लावला. चष्मा लावला, अक्षर अक्षर काढलं, आणि विचारलं, “यात लिहिलंय ना, बांधायचं नाही म्हणून?”

“बाग होणार, आई. म्हणजे तेच.”

“तेच असेल तर तसं का नाही लिहिलं?”

मी म्हटलं, “कायद्याची भाषा असते.”

नोटीस द्यायला मी एकटी गेले. त्याच इंजिनीअर मुलीच्या टेबलावर कागद गेला. तिने वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आजी, तुम्हाला वाडी मोकळी करून हवी आहे का?”

“नाही गं. बाग हवी आहे.”

“मग हे परत घेऊन जा. या वर्षी जमिनी घ्यायला तरतूद फार थोडी आहे, आणि यादी मोठी आहे. पुढच्या वर्षीही तेच. मुदत संपली ना, की आरक्षण जाईल.”

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, ही काम टाळते आहे. चाळीस वर्षं सरकारी माणसं बघितलेली मी! मी तिला म्हटलं, “बाळ, तू शिक्का मार. बाकी आम्ही बघू.” तिने आणखी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग शिक्का मारला. मी पोच घेतली, ताठ मानेने जिना उतरले आणि खाली उसाचा रस प्यायले.

पुढच्या दोन वर्षांत एकदा मोजणीवाले आले. फिती धरल्या, खुणा केल्या, सासूबाईंनी त्यांना शहाळी दिली. मग एक पत्र आलं, की प्रस्ताव विचाराधीन आहे. मग दुसरं, की निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल. मी स्मरणपत्रं लिहीत राहिले. पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र. प्रत्येकाची भाषा आधीच्यापेक्षा सरस. सासूबाई मधूनच विचारायच्या, “आले का गं बागवाले?” मी म्हणायची, “येतील.”

मुदत संपली तो दिवस माझ्या लक्षातही नव्हता. दीर दुपारी पेढे घेऊन आले. मला वाटलं, नातवाचं काहीतरी असेल. त्यांनी आधी आईच्या हातावर पेढा ठेवला.

सासूबाईंनी विचारलं, “काय, झाली का बाग?”

दीर माझ्याकडे बघायला लागले. त्यांनाही तो प्रश्न अपेक्षित नव्हता. कारभार त्यांचा असला तरी आईपुढे खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. आणि तेवढ्यात मला सगळं कळलं: पेन, अळूवडी, त्या मुलीचा खाली आणलेला आवाज, सगळं एकदम. मी म्हटलं, “होईल, आई.” सासूबाईंनी पेढा खाल्ला. अर्धा मोडून माझ्या तोंडाशी धरला. मी तो खाल्ला.

खोटं तीन महिनेच टिकलं. झाडं मोजणारे आले आणि प्रत्येक खोडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारून त्यावर आकडे लिहून गेले. बांधकामाची परवानगी मागायची म्हणजे आधी झाडांची मोजदाद लागते. सासूबाई काठी टेकत एकेका आंब्यापाशी गेल्या. मी मागे उभी.

“बागेसाठी झाडांना नंबर घालतात का गं?”

त्या माझ्याकडे वळल्या.

“आपण ते जे पत्र दिलं, त्याने झालं का हे?”

“हो.”

आता त्या ओरडतील, मला माहेरच्या डोंगरावर धाडतील, काहीही म्हणतील, अशी मी वाट बघत होते. त्या खोडावरचा ओला रंग बोटाने पुसायला गेल्या, तो आणखी पसरला. मग म्हणाल्या, “तुझं मराठी चांगलं आहे. त्यांना सगळं नीट कळलं असणार.”

त्या हे टोमणा म्हणून बोलल्या की समजूत घालायला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रोज ठरवते आणि रोज बदलते.

नंतर बिल्डरची माणसं आली, फळांची करंडी घेऊन. सासूबाई त्यांना म्हणाल्या, “वाडीत फळं आणलीत? बसा. पाणी घ्या. विहिरीचं आहे.” सही मात्र केली नाही. करारावर तिघांच्याही सह्या हव्या होत्या. दिरांनी गोडीने सांगितलं, रागाने सांगितलं, दोन दिवस जेवले नाहीत. त्या त्यांच्यासाठी ताट झाकून ठेवायच्या आणि सही करायच्या नाहीत. अशी तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत आमच्या वाडीवर आरक्षण नव्हतं, तिला राखायला कुठला कायदा नव्हता, निधी तर नव्हताच. एक म्हातारी होती. ती रोज सकाळी नंबर घातलेल्या झाडांना पाणी घालायची.

एका उन्हाळ्यात, दुपारी, ओटीवर पडल्या पडल्या त्या गेल्या. आदल्या दिवशीपर्यंत कळ्या खुडत होत्या. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं नाही. घेतलं असतं तर मी दिलं असतं आणि पुढे मोडलं असतं, हे त्यांनी ओळखलं असावं. माणसं ओळखायला त्यांना सातबारा लागत नव्हता.

दिवसपाणी झाल्यावर दीर माझ्यापाशी येऊन बसले. घसा खाकरला.

“वहिनी, तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबतो. आईसाठी थांबलो, तुमच्यासाठीही थांबेन. कोर्टात जाणार नाही. शपथ.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खरं बोलत होते. आणि मी नाही म्हणेन याची त्यांना भीतीही वाटत होती. म्हटलं, “उद्या सांगते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेतला. नकाराचं पत्र लिहायचं होतं, घरातल्याच माणसाला, चार ओळींचं. आयुष्यभर पत्रं लिहिलेली मी. वर डावीकडे ‘विषय’ लिहिलं, पुढे दोन टिंबं दिली, आणि तिथेच बसले. दहा वाजले, अकरा वाजले. विषय सुचेना. कारण मला ती वाडी कायमची राखायची आहे की नाही, हे मला त्या क्षणी खरोखर ठाऊक नव्हतं. गुडघे दुखत होते. पाट फुटला तर बांधायला कुणी नव्हतं. आणि लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला जे हवं होतं आणि मी कधी बोलले नव्हते, ते त्या करारात लिहिलेलं होतं: अकरावा मजला, दोन बाथरूम, लिफ्ट, चिखल नाही. साठी उलटून गेलेल्या बाईला ब्लॉक हवा होता हो! सासूबाईंसाठी सरकारशी भांडणारी, मंत्र्यांना कलमं पाठवणारी ती बाई तेव्हा खिडकीला कुठले पडदे लावायचे याचा विचार करत होती. मी तिला आज पुष्कळ बोल लावते. ती ऐकून घेते आणि पडदे ओढून घेते.

संध्याकाळी दिरांना म्हटलं, “कुठे सही करायची ते सांगा.”

या वेळी त्यांनी पेन काढलं नाही. नुसतं “बरं” म्हणाले आणि खाली बघत राहिले.

निबंधकाच्या कचेरीत फार गर्दी होती. तिथे आता सहीबरोबर फोटो काढतात आणि अंगठाही घेतात, काचेच्या छोट्या यंत्रावर. माझा नंबर आला. फोटोला मी सवयीने हसले. कारकून म्हणाला, “आजी, हसू नका, परत काढावा लागेल.” परत काढला. मग अंगठा ठेवला, तर यंत्राला लागेना. म्हाताऱ्या माणसांच्या रेषा झिजतात म्हणे. त्याने ओल्या फडक्याने माझा अंगठा पुसला. पुन्हा ठेवला, नाही. तिसऱ्यांदा, नाही. माझ्या मनात आलं, आता लागलाच नाही तर काय? मी काही नाही म्हटलं नाही, मी काही केलं नाही, यंत्राने घेतलं नाही, त्याला कोण काय करणार? मी तो अंगठा काचेवर अगदी हलका टेकवून ठेवला, श्वास घेतला नाही.

“दाबा, आजी,” कारकून म्हणाला. “नीट दाबा.”

मी दाबला.

त्याने पडद्याकडे बघून मान हलवली आणि माझ्या मागच्या माणसाला हाक मारली. मी पिशवी उचलली आणि दिरांच्या आधी जिना उतरायला लागले. जिना उभा होता, कठडा हलत होता. मागून ते हात द्यायला येतील, आणि तो हात मी घेईन, याची मला भीती वाटत होती.